गावठी माल

आमच्या शेजारचे इंगळेभाऊ बेडरूममध्ये एसी लावून पाला निजवायचे, आणि स्वतः हॉलमध्ये पंख्याखाली अंगावर ओला पंचा टाकून झोपायचे. थट्टा नाही करत. सिंगापूरच्या चिकचिकाटात माणसं एसीच्या गारव्यासाठी उगाच मॉलमध्ये चकरा मारतात, आणि हा गृहस्थ घरचा एसी पाल्याला देऊन आपण घामाघूम.

"अहो भाऊ, एखाद्या रात्री तरी आत झोपा," मी म्हणायची.

"वैनी, माह्या घामानं खोलीतला ओलावा वाढते ना. पाला बिघडला तं?"

पाला कसला, तर अंबाडीचा. आपली भाजीची आंबट अंबाडी. मी पुण्याची. आमच्याकडे अंबाडी म्हणजे मंडईत जुडी दिसली तर दिसली, नाही दिसली तर कोणी शोक करत नाही. पण भाऊ अकोल्याकडचे. अंबाडीबद्दल वावगा शब्द काढलेला त्यांना खपत नसे.

क्वीन्सटाउनच्या जुन्या सरकारी ब्लॉकमध्ये आमची दारं एका कॉरिडॉरमध्ये, भिंतीला भिंत. भाऊ जुरोंग आयलंडवर एका रिफायनरीच्या प्रयोगशाळेत होते. गळ्यात पास अडकवून सकाळी कंपनीच्या बसनं जायचे आणि दिवसभर तेलाचे नमुने तपासून त्यांचा दर्जा ठरवायचे. घरी आल्यावर अंबाडीचा. शिवाय आमचाही. माणसाला सवय लागली की लागते. ते दिसेल त्याला दहापैकी मार्क द्यायचे, तेही अर्ध्या मार्कासकट, आणि कोणी विचारलेलं नसताना. माझ्या पोह्यांना सहा. माझ्या नवऱ्याच्या गाण्याला तीन. "मंदारभाऊ, मेहनत दिसते, पण माल कच्चा हाय." मंदार हसला. मी नाही हसले. पोह्यांना सहा म्हणजे काय हो?

बियाणं त्यांच्या वावराच्या बांधावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथंच उगवून तिथंच झडलेलं, पक्कं गावठी. "टेक्क्याच्या बाजारात मिळते ती अंबाडी म्हंजे बाप्पा नुसतं हिरवं पाणी," असं ते लिटल इंडियातून आणलेल्या जुडीकडे बोट करून म्हणायचे. पण हे गावठी रोप इथे रुसायचं. आपल्याकडे दिवस लहान व्हायला लागले की अंबाडी फुलावर येते. इथे विषुववृत्तापाशी बाराही महिने दिवस-रात्र सारखे, त्यामुळे वीतभर वाढली की लागलीच फुलायची, आणि फुलली की पाला संपला. भाऊंनी यावर तोड काढली. कॉरिडॉरची ट्यूबलाइट रात्रभर जळते, तिच्या बरोबर खाली सगळ्या कुंड्या मांडल्या. रोपांना वाटलं अजून दिवसच आहे. ती फुलायची विसरली आणि छातीएवढी उंच झाली. "फसवलं लेकाचीले!" म्हणून भाऊ टाळ्या पिटत होते. पलीकडच्या चिनी आंटी ती नक्षीदार, बोटं पसरल्यासारखी पानं बघून जरा दबकून भिंतीच्या कडेनं जायच्या. आम्हाला त्याचं कारण पुढे कळलं.

पानं खुडायची सकाळी, दव सुकल्यावर. मग एसीच्या खोलीत दोऱ्यांवर अंधारात टांगायची. देठ वाकला तर कच्चा, तुटला तर झाला, आणि चुरा झाला तर गेला कामातून. त्यानंतर काचेच्या बरण्या. त्या रोज थोडा वेळ उघडायच्या, "तिले श्वास घेऊ द्या," आणि परत बंद. एकदा मी एका बरणीतला मूठभर पाला सांडला. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

बरणी मुरली की परीक्षा. परीक्षक मी. चिमूटभर पाला उकळून त्याचं पाणी वाटीत द्यायचे आणि डोळे बारीक करून विचारायचे, "बोला वैनी, आंबट दाताले लागते का जिभेले?"

"दोन्हीला लागतंय हो!"

"असं नाही चालत. पह्यले कोनाले लागलं?"

मी काय, चुरचुरणारी जीभ घेऊन ऑफिसला जायची.

आता तुम्ही म्हणाल, एकटा माणूस, त्याला एवढी अंबाडी कशाला? गंमत म्हणजे भाऊंना अ‍ॅसिडिटी. स्वतः चमचाभर खाल्ली तर रात्रभर छाती धरून बसायचे. हे सगळं चाललं होतं ऋतुजासाठी.

ऋतुजा त्यांची एकुलती एक मुलगी. इथेच शिकली, इथेच नोकरीला लागली. तिनं आपल्या पसंतीच्या वेई मिंगला घरी आणलं, तेव्हा मीही तिथे होते. चांगला, अदबशीर मुलगा. येताना संत्री घेऊन आला, वाकून नमस्कार केला, वरणभात हातानं खाल्ला. जेवण झाल्यावर भाऊ खुर्चीत रेलले आणि सगळ्यांदेखत, त्याला समजावं म्हणून खास इंग्रजीत म्हणाले, "फोर अँड हाफ. नीड्स मॅच्युरिंग."

वेई मिंग बिचारा थँक्यू म्हणाला. ऋतुजा मात्र ताडकन उठली. "बाबा, तो तुमचं सॅम्पल नाहीये," एवढंच बोलली आणि त्याचा हात धरून निघून गेली. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि पुंगोलला घर केलं. भाऊंना बोलावणं नव्हतं. दोन वर्षं होत आली होती, ती त्यांचा फोन घेत नव्हती. तिची खोली मोकळी झाली आणि तिथे पाला आला. एसी त्या खोलीतच होता.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, अकोल्याला, अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी. त्यांचं लेकीशी बोलणं होतं. त्यांनीच फोनवर सांगितलं की ऋतुजाला दिवस गेलेत, काही म्हणता काही पोटात ठरत नाही, फक्त आंबट तेवढं मागते. त्या दिवसापासून भाऊंच्या अंगात आलं. बरण्यांची रांग वाढली. ही बरणी मऊ, ही जहाल, ही "पोटुशीले झेपन अशी".

"अहो, मग नेऊन द्या की सरळ."

"दार नाही उघडलं तं?"

"कुरिअर करा."

"कुरिअरवाला परत येऊन सांगते का, ती कशी दिसते म्हून?"

त्यांना पाला द्यायचा नव्हताच हो. त्यांना ती दारात यायला हवी होती.

आणि मग भाऊंनी अक्कल चालवली. तेव्हा सगळ्यांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप नवं नवं आलं होतं. इथल्या मराठी मंडळींचा एक भलामोठा ग्रुप होता, आणि ऋतुजा त्यात होती. एका शनिवारी सकाळी भाऊंनी त्यावर वाळल्या पाल्यानं भरलेल्या बरण्यांचा एक फोटो टाकला, छातीएवढ्या रोपांचा दुसरा टाकला, आणि खाली लिहिलं: "गावठी माल तयार आहे. एक नंबर. घरीच पिकवलेला, सावलीत वाळवलेला. ज्यांना पाहिजे त्यांनी स्वतः क्वीन्सटाउनला येऊन न्यावा. कुरिअर नाही. फुकट."

अंबाडी हा शब्द कुठेच नाही! मी चहा पिता पिता वाचलं आणि ठसका लागला. या देशात गांजा म्हणजे फाशीपर्यंत मजल जाते. आणि अंबाडीचं पान दिसतं थेट गांजासारखं. पुण्या-मुंबईच्या कॉम्प्युटरवाल्यांनी उभं अंबाडीचं रोप जन्मात कधी पाहिलेलं?

ग्रुपवर एकानं लिहिलं, "भाऊ, डिलीट करा." दुसरा म्हणाला, "हा ग्रुप फक्त गणपती आणि दिवाळीसाठी आहे." आणि मग ग्रुप सोडायची जी रीघ लागली! कुलकर्णी गेले. शिंदे गेले. दोन्ही जोशी गेले. ज्यांनी मंडळासाठी जन्म वाहिलाय असं दर गणपतीत भाषण करायचे, ते अध्यक्षही गेले. मी धावत शेजारी गेले, तर भाऊ ओट्यापाशी फोन नाकाला लावून उभे. गॅसवर भाजी रटरटत होती.

"भाऊ, काय लिहिलंत हे? लोकांना वाटलं तुम्ही गांजा विकताय!"

"फुकट लिहिलं ना," ते म्हणाले. त्यांचं लक्षच नव्हतं. "वैनी, सगळे चालले. पण ते पाहा, ऋतुजा हाय अजून. ती नाही गेली."

तेवढ्यात बेल वाजली. दारात साध्या कपड्यातले दोन अधिकारी. कोणीतरी कळवलं होतं. कोणी ते आम्हाला आजतागायत माहीत नाही, आणि त्यांचं काही चुकलं असंही मी म्हणणार नाही. माझी तर पाचावर धारण बसली. भाऊ मात्र खूश! इतक्या दिवसांत माल बघायला पहिल्यांदा कोणी आलं होतं. त्यांनी दोघांना आत नेलं, बरणी उघडून नाकाखाली धरली आणि इंग्रजीत सुरू झाले. "प्युअर व्हिलेज स्टफ, सर! व्हेरी स्ट्राँग! वन पिंच, अँड युवर होल हेड विल वेक अप!"

मी मागून त्यांचा शर्ट ओढत होते.

"व्हॉट इज इट कॉल्ड, अंकल?" वयानं मोठ्या अधिकाऱ्यानं शांतपणे विचारलं.

आता अंबाडी म्हणा, भाजी म्हणा, काहीही म्हणा! पण प्रयोगशाळेतला माणूस, त्याला अचूक नाव सांगायचं होतं. पानं गांजासारखी म्हणून शास्त्रज्ञांनी अंबाडीला जे नाव दिलंय, ते त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं. "हिबिस्कस कॅनाबिनस!"

"कॅनाबिस?"

"कॅनाबिनस, सर. कॅनाबिनस!"

माझ्या डोळ्यांपुढे मंदार, घर, नोकरी, सगळं फिरलं. धाकटा अधिकारी मात्र एव्हाना नाक वर करून स्वयंपाकघराकडे बघत होता. तमिळ मुलगा होता. त्यानं विचारून कढईचं झाकण उचललं, मग बरणीतलं एक पान हुंगलं, कॉरिडॉरमध्ये जाऊन रोपाच्या पानाचा तुकडा तोडून चावला आणि त्याचा अख्खा चेहरा आंबला. "सर," तो हसत सुटला, "धिस वन पुळिच्चकीरई, लाह! माय मदर ऑल्सो कुक!"

पुळिच्चकीरई म्हणजे त्यांच्या तमिळमधली अंबाडी! मला रडूच आलं. थोरल्यानं नियम म्हणून नमुना पिशवीत घेतला, बाकीचं जसंच्या तसं ठेवा म्हणाला, आणि पुढच्या वेळी फोटोखाली भाजीचं नाव लिहायला सांगितलं. भाऊंनी धाकट्याला विचारलंच, "दाताले लागलं का जिभेले?" मी दार नुसतं लोटलं आणि दोघं हाश्शहुश्श करत बसलो. नुसतं हसत होतो.

आणि पुन्हा दार धाडकन उघडलं. ऋतुजा. सातवा महिना, केस विस्कटलेले, पायात दोन वेगळ्या चपला. मागे धापा टाकत वेई मिंग.

"व्हेअर इज इट? बाबा, कुठे ठेवलंय?"

भाऊ उठून उभे राहिले. ती तरातरा आतल्या खोलीत गेली, दोऱ्यांवरचा पाला ओरबाडला, बरण्या कवेत घेऊन ओट्यापाशी आली आणि भिंतीतल्या कचऱ्याच्या शूटचं झाकण उघडून त्यात पाला ओतायला लागली. तिथून तो थेट तळमजल्यावर.

"तुम्हाला कळतं का काही? हँगिंग आहे इथे, हँगिंग! आय वॉज सो स्केअर्ड! माझं बाळ येणार, आणि मी त्याला काय सांगू? आजोबा कुठे गेले म्हणून सांगू?"

"अगं ऋतुजा, थांब, ती तर..." मी पुढे झाले. भाऊंनी माझा हात धरला.

"फेकू द्या, वैनी," ते अगदी हळू म्हणाले. "माह्यासाठी फेकते ती."

एका बरणीचं झाकण तिला निघेना. भाऊंनी ती बरणी तिच्या हातातून घेतली, फिरवून उघडली आणि परत दिली. मग पुढची. मग त्यापुढची. ती ओरडत होती, रडत होती, ओतत होती, आणि भाऊ एकेक झाकण काढून बरणी तिच्या हातात देत होते. मऊ गेली, जहाल गेली, पोटुशीची गेली. इतका सुखी माणूस मी त्या ब्लॉकमध्ये दुसरा पाहिला नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. वेई मिंगला काहीच उलगडत नव्हतं, तरी तो मुकाट्यानं जमिनीवर सांडलेली पानं गोळा करत होता.

शूट बंद करून ऋतुजा ओट्याला टेकली. "आता कोणी आलं तर काही माहीत नाही म्हणायचं. कळलं?"

"हो."

"परत असलं करणार नाही म्हणा."

"नाही करत."

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "किती वाळलात हो बाबा," ती म्हणाली, आणि मग कढईकडे वळली. "हा कसला वास येतोय? काय शिजतंय?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंडात पदर कोंबला.

"बस तू आंधी," ते म्हणाले. "पानी पी. मंग सांगतो."

आणि ती बसली. भाऊ ग्लास भरायला वळले, पण नजर तिच्यावरच, त्यामुळे ओटाभर पाणी सांडलं.