बिशपची सोडत

मर्ल वारली तेव्हा तिच्यामागे नवरा, सात कोंबड्या आणि बिशप नावाचा एक कोंबडा राहिला. कोंबड्यांनी दोन दिवस तिची वाट पाहिली असेल. लेस्टर अजून सावरला नव्हता. बिशपला मात्र कुणाचंच काही वाटत नसे. परसात पाऊल पडलं की तो मान फुगवून धावत यायचा आणि पोटरीत नख्या रुतवायचा. स्वतःच्या अंगणात लेस्टर चोरासारखा वावरू लागला.

दर बुधवारी शेजारची ग्लेनिस मागच्या फाटकातून अंडी न्यायला येई. अंडी न्यायला पाच मिनिटं पुरतात. ती तासभर बसायची, चहा प्यायची, गावभरच्या कुचाळक्या सांगायची. आठवड्यात लेस्टरशी बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. जूनमधल्या एका बुधवारी बिशप तिच्यामागे लागला. बाई अंगणातल्या खांबावर फिरणाऱ्या, कपडे वाळत घालायच्या तारांच्या छत्रीला लोंबकळल्या, छत्री गोल फिरली आणि तिने त्यांना पुन्हा बिशपपुढेच आणून सोडलं. पोटरीला चार टाके पडले. पुढचे तीन बुधवार फाटक वाजलं नाही.

कोंबडा घरात ठेवायचा तर ग्लेनिस येणार नाही, हे लेस्टरला कळून चुकलं. पण मर्लने खोक्यात ऊब देऊन वाढवलेल्या त्या कार्ट्याची मान मुरगाळायला हात धजेना. त्याने गावच्या क्लबच्या फळ्यावर 'चांगल्या घरी फुकट देणे आहे' अशी चिठ्ठी लावली. खाली कुणीतरी लिहून गेलं, 'चांगल्या घराने काय पाप केलंय?'

आमच्या टास्मानियातल्या या गावात दर शुक्रवारी क्लबात कोंबडीची सोडत निघते. कोंबडी अर्थातच सोललेली, गोठवलेली, पिशवीतली. त्या शुक्रवारी क्लबचा फ्रीजर बंद पडला आणि सोडत काढणारा डग हवालदिल झाला. लेस्टरने बिशप देऊ केला.

"जिवंत?" डगने विचारलं.

"फारच."

बक्षीस कोणतं ते कळताच लोकांनी तिकिटांकडे पाठ फिरवली. एकाने तर आधी घेतलेलं तिकीट गुपचूप सासऱ्याच्या कोटात सारलं. लेस्टर निकालाला थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अंगण झाडलं, दोन कप घासून ठेवले आणि ग्लेनिसला बोलवायला निघणार, तोच फाटक वाजलं. ग्लेनिसच उभी होती. काखेत टॉवेलात गुंडाळलेला बिशप.

"उरलेली सगळी तिकिटं मीच घेतली," ती म्हणाली. "मर्लचा कोंबडा तू सोडतीत लावलास, म्हणजे किती खचला असशील रे. मला रडूच आलं."

तुझ्यासाठीच तर दिला होता, हे लेस्टरच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. मर्ललाही त्याने मनातलं कधी सांगितलं नव्हतं. आता कुठून जमणार?

"आणि आता माझ्याही जिवाला घोर नाही," ग्लेनिसने बिशपला आत सोडून फाटकाला बाहेरून कडी घातली. "तू एकटा आहेस बिचारा, म्हणून येत होते दर बुधवारी. अंडी काय, दुकानातही मिळतात. आता सोबत आहे ना तुला."

ती लंगडत निघाली. 'तरीही ये' एवढंच सांगायला लेस्टर फाटकाकडे धावला. बिशपने त्याला चार पावलंसुद्धा जाऊ दिलं नाही.