एक बोट सैल

माझ्या हातात पाना देऊ नये, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मेहुणा परगावी राहतो, त्यामुळे एकट्या त्याला माहीत नव्हतं. त्याने त्याची कॅम्पर आम्हाला वापरायला दिली. कॅम्पर म्हणजे आत पलंग, टेबल, शेगडी, कपाटं असं अख्खं घर बसवलेली लांबलचक गाडी. किल्ली देताना तो सहज म्हणाला, "भाऊजी, रस्त्यात हादरे बसून आतले नट-बोल्ट सैल होतात. चाकांना हात लावू नका, ती गॅरेजवाल्याने बघितलीत. बाकी ठिकाणी अधूनमधून पाना फिरवत जा."

आता 'अधूनमधून' हा शब्द माझ्यासारख्या माणसाला सांगू नये. मी नोंदणी कचेरीत कारकून आहे. आमच्याकडे एकाने तपासलेलं दुसरा तपासतो, दुसऱ्याने तपासलेलं साहेब तपासतात, आणि तरी चूक राहते ती राहतेच (बहुधा माझीच). म्हणून मी ठरवलं की हे काम शिस्तीत करायचं. प्रत्येक बोल्ट आवळायचा आणि त्याच्या डोक्यावरून खालच्या पट्टीपर्यंत एक रेघ ओढायची. बोल्ट केसभर फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार. गॅरेजवाला असंच करतो. त्याच्याकडे त्यासाठी रंगाची डबी असते. माझ्याकडे बायकोची डाळिंबी नेलपॉलिश होती.

"अहो, माझी नवी बाटली कुठे दिसली का?"

"कसली बाटली?"

"आणि तुमच्या कोपराला काय झालंय? रक्त आलंय!"

"वेडी का तू? डाळिंबी रक्त असतं का कुणाचं?" मी बोलून गेलो आणि जीभ चावली. पुढचा भाग सांगत नाही. नवरे मंडळींना कळेल, बाकीच्यांना कळून उपयोग नाही.

पण तिचा राग पटकन ओसरला, कारण तिच्या मनात दुसराच घोर होता. सासूबाईंना जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. सासरेबुवा शिंपी. जन्मभर मशीनवर बसलेला माणूस, पण त्या गेल्या आणि यांनी मशीनवर चादर टाकली ती उचललीच नाही. दिवसभर खिडकीत बसायचे. काही विचारलं की "बरंय" एवढंच. सासूबाईंना एकदा समुद्र बघायचा होता. "लग्नाचे कपडे आटपले की जाऊ" म्हणता म्हणता तो राहूनच गेला. लोकांची लग्नं काही आटपेनात.

"बाबांना समुद्रापर्यंत न्यायचंच," बायको म्हणाली. "महामुश्किलीने तयार झालेत. वर अट घातलीय, गाडीचं काही बिघडलं तर तिथूनच परत फिरायचं. आणि आता परत फिरले ना, तर पुन्हा उंबरा ओलांडायचे नाहीत. तेव्हा हात जोडते, या वेळी गोंधळ घालू नका."

"गोंधळ? मी?" मी म्हणालो. तिने उत्तर दिलं नाही. चांगल्या घरातली आहे.

निघालो. पहिल्या थांब्यावर सासरेबुवा "मी जरा पडतो" म्हणून आतच राहिले, आम्ही पाणी भरून आलो. मग ते हातपाय धुवायला उतरले, तसा मी आत शिरून सहज टेबलाखाली डोकावलो. रेघ तुटलेली! पलंगाची रेघ तुटलेली, कपाटाची तुटलेली, वरच्या फळीची तर पार दुसऱ्या दिशेला तोंड करून बसलेली. एवढ्याशा प्रवासात ही अवस्था, तर घाटात काय होणार? मी जीव खाऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळले, रेघेला रेघ जुळवली आणि तोंडावर हसू आणून बाहेर आलो.

पुढच्या थांब्यावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही थांब्यावर तेच. बोलायची सोय नव्हती, सासरेबुवांच्या कानावर गेलं की सहल संपली. मग मी एकच उपाय केला, गाडी हळू चालवली. इतकी हळू, की सायकलवरच्या एका आजीबाईंनी आम्हाला मागे टाकलं, आणि टाकताना "काही मदत हवी का?" असंही विचारलं.

"या गाडीला झालंय तरी काय?" बायको वैतागून म्हणाली. "सकाळी कपाट ओढून ओढून उघडत नाही. दुपारी आपोआप उघडतं आणि साखरेचा डबा माझ्या डोक्यात!"

"हवामान," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र माझा धीर सुटला. पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत गाडी लावली होती. तिथल्या नळावर बायको भांडी विसळत होती. मी तिला बाजूला घेतलं.

"ऐक, बाबांना सांगू नकोस. ही गाडी उसवत चाललीय. मी आवळतो, ती सैल होते. पुन्हा आवळतो, पुन्हा सैल. उद्या घाट आहे. मला तुमचे जीव धोक्यात घालायचे नाहीत, आपण परत फिरू." समुद्र एका दिवसावर राहिला होता हो.

तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. चहाचा कप घेऊन ती आत वडिलांकडे गेली. तिथे काय घडलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. सासरेबुवांनी आधी दार लावून घेतलं.

"पोरी, कुणाला बोलू नकोस. ही गाडी आवळत चाललीय."

"आवळत?"

"आपोआप! मी सगळं एक बोट सैल करून ठेवतो. थोड्या वेळाने बघावं तर करकचून बसलेलं. अगं, टाका असा ओढला तर कापड फाटणारच. अंगासरसं शिवलेलं पहिल्या शिंकेला उसवतं. शिवणीत एक बोट सैल हवंच. जावईबापूंना नको सांगूस, आधीच घाबरट आहेत बिचारे. काहीतरी निमित्त काढ आणि परत फिरू."

दुसरी एखादी असती तर तिथेच कपाळावर हात मारून आम्हा दोघांना समोरासमोर उभं केलं असतं. आमच्या हिने ते काम आमच्यावरच सोपवलं. सकाळी मला म्हणाली, "अहो, टेबलाखाली काहीतरी कुरकुरतंय, बघता का?" आणि गाडीच्या पलीकडे ऊन खात बसलेल्या वडिलांनाही जाऊन हेच सांगितलं.

मी टेबलाखाली या बाजूने शिरलो. त्या बाजूने एक टक्कल आत आलं.

"जावईबापू? तुम्ही इथे?"

"माझं... पेन पडलं."

"असं का? माझी सुई पडलीय."

दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. पेन म्हणावं असं माझ्या हातात काही नव्हतं, सुई म्हणावं असं त्यांच्याही. एकाच पेटीतले दोन पाने होते.

"म्हणजे आवळणारे तुम्ही?"

"म्हणजे सैल करणारे तुम्ही? बाबा, दोन दिवस जीव मुठीत धरून गाडी चालवतोय मी!"

"आणि मी काय मजा करतोय? झोप उडालीय माझी! वाटलं, गाडी आकसतेय. म्हाताऱ्या माणसाला असं वाटायला लागलं की काय समजायचं?"

"अहो, बोल्ट आहे तो, ब्लाउज नव्हे!"

"माझ्या हातचा एक ब्लाउज तरी परत आलाय का कधी? विचारा कुणालाही!"

या गडबडीत मी त्या बोल्टला शेवटचा एक आटा दिला. त्यांनी लगेच उलटा दिला. दोन दिवस इकडून तिकडे फिरून त्या बोल्टचे आटे पार झिजले होते. तो निमूटपणे बाहेर आला आणि टेबल आमच्या दोघांच्या डोक्यावर बसलं. पाठोपाठ पाव आला, पावामागून दूध.

बिघडलं. जे होऊ नये म्हणून एवढा खटाटोप, तेच मी स्वतःच्या हाताने केलं. दाराशी बायको किटली धरून उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता. आता सासरेबुवा "परत फिरू" म्हणणार, या विचाराने मला रडू यायचं बाकी होतं.

माझ्या शेजारून खुसखुस ऐकू आली. मग ती वाढली. सासरेबुवा टकलावर पावाचा तुकडा घेऊन, पोट धरून हसत होते. वर्षभरात आम्ही तो आवाज ऐकला नव्हता. बायकोने किटली खाली ठेवली, तोंडाला पदर लावला आणि हसता हसता रडायला लागली.

"बाबा," तिने डोळे पुसत भीतभीत विचारलं, "मग परत फिरायचं का?"

"परत? हे असं अर्धवट टाकून? माझी पिशवी दे इकडे."

त्यांनी पिशवीतला जाड दोरा काढून बोल्टभोवती घट्ट गुंडाळला आणि टेबल उभं केलं. जरासं माझ्या बाजूला कललेलं राहिलं. सगळ्यांचा चहा शेवटी माझ्याच मांडीवर येत होता, पण माझी तक्रार नव्हती.

दुपारी घाट उतरलो आणि समुद्र दिसला. सासरेबुवा पायजमा दुमडून पाण्यात उभे राहिले. मग म्हणाले, "तिला आवडला असता हो." आणि बायकोने त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला राहवेना. एवढी मोठी कामगिरी, तिचं कौतुक कुणीतरी करायला नको? मी म्हणालो, "बाबा, उद्या निघायचं ना आपण?"

"इतक्यात?"

"बघा! मी म्हणतच होतो, समुद्र बघितला की माणसाला पुन्हा उभारी येते."

"समुद्र छानच आहे," ते म्हणाले. "पण तो बघून झाला. आज सकाळी तुम्ही शिडी, दार आणि माझा पलंग पुन्हा आवळून ठेवलात, ते सगळं सोडवायला मला चार दिवस तरी लागतील."

पलीकडे बायको फोनवर भावाशी बोलत होती. "अरे, गाडी अजून थोडे दिवस ठेवतो. बाबा? मजेत आहेत! हातातलं काम खाली ठेवत नाहीत... छे छे, यांना एकट्यांना घरी पाठवून कसं चालेल? मग बिघडवणार कोण?"