ब्लॉक सहाची धाड

"आमच्या ब्लॉक सहात कोणी कोणाकडे अपॉइंटमेंट घेऊन गेला असेल, तर मी मिशी उतरवीन!"

उल्हासरावांनी शुक्रवारी संध्याकाळी, इंग्लंडातल्या रीडिंग गावी लेकीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर मूठ आपटून हे जाहीर केलं. मिशी त्यांनी रिटायर झाल्या दिवशीच उतरवली होती, त्यामुळे पैजेत त्यांचं काही जाणार नव्हतं. पण आवेश काय विचारता! नातीच्या, कस्तुरीच्या, ताटलीतला पास्ता उडून जावयाच्या शर्टावर गेला.

विषय काढला होता लेकीनेच. "बाबा," ऋजुता म्हणाली, "तीन महिने झाले तुम्ही इथे आहात. रविवारी तुमची फ्लाइट. परीक्षितकाका इथे लंडनच्या स्टॅनमोरला, नकुलकाका केंब्रिजला. एकदा तरी आले? प्रत्येक वीकएंडला त्यांचं काहीतरी असतंच. मी वाईट नाही बोलत त्यांना, पण पस्तीस वर्षं झाली. माणसं बदलतात, बाबा."

प्रेमाने बोलली होती हो पोरगी! पण प्रेमाने बोललेलंच जास्त लागतं. उल्हासरावांनी ताटली बाजूला सारली.

आता, ब्लॉक सहा म्हणजे काय, ते सांगायला हवं. नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या होस्टेलमधला हा ब्लॉक. उल्हास, परीक्षित आणि नकुल तिथले तीन शेजारी. कोणाच्या घरून खाऊचा डबा आला, की बाकीच्यांनी त्याच्या खोलीवर धाड टाकायची, ही तिथली रीत. नियम दोनच. एक, सांगून यायचं नाही. दोन, आल्यावर आधी डबा शोधायचा, मग माणूस! "येऊ का?" असं विचारणाऱ्याला ब्लॉकमध्ये आठवडाभर कोणी तोंड दाखवत नसे.

जेवण झाल्यावर उल्हासरावांनी दोघांनाही फोन लावला. परीक्षित म्हणाला, "उद्या नाही जमत बे! आमचा घर तापवायचा बॉयलर बंद पडलाय. तो दुरुस्त करणारा माणूस येईल म्हणून दिवसभर घरी बसून राहायचंय." नकुल म्हणाला, "माझी कॉन्फरन्स आहे रे यार." उल्हासराव दोघांनाही म्हणाले, "काही हरकत नाही. मी पण उद्या घरीच आहे, बॅग भरतोय."

आणि फोन ठेवून गालातल्या गालात हसले. पर्‍या उद्या दिवसभर घरी! सापडला लेकाचा! लेकीला दाखवूनच देतो, आमच्यात काय बदललंय ते!

शनिवारी सकाळी ऋजुता आणि जावई वरद कस्तुरीला पोहायला घेऊन गेले. "मी जरा पाय मोकळे करून येतो," म्हणून उल्हासरावांनी थाप मारली. त्यांचा कोट बॅगेच्या तळाशी गेला होता, म्हणून जावयाचं सायकलवर घालायचं ते भडक पिवळं, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट चढवलं. हातात पत्र्याचा चौकोनी डबा. त्यात डिंकाचे लाडू! श्यामलाबाईंना विमान म्हटलं की पोटात गोळा येतो, म्हणून त्या नागपुरातच राहिल्या होत्या, पण नवऱ्याच्या मित्रांसाठी लाडू मात्र त्यांनी आठवणीने वळून दिले होते. बिचारे लाडू तीन महिने फ्रीजरमध्ये काकडत होते.

एलिझाबेथ लाइनच्या गाडीने बाँड स्ट्रीट, तिथून भुयारी ट्यूबने थेट शेवटचं स्टेशन, स्टॅनमोर. एकदाही न चुकता! स्वतःच्या हुशारीवर खूश होत उल्हासरावांनी परीक्षितचं घर गाठलं. पुढच्या दाराची बेल वाजवणं म्हणजे ब्लॉक सहाला बट्टा. ते बाजूच्या फाटकातून मागे गेले. किचनचं दार नुसतं लोटलेलं! आत ओट्यावर दिवाळीच्या फराळाचा स्टीलचा डबा! नियम क्रमांक दोन. उल्हासरावांनी झाकण उघडलं आणि बेसनाचा अख्खा लाडू तोंडात कोंबला.

तेवढ्यात आतून सुनेत्रावहिनी आल्या. परीक्षितची बायको. त्यांनी उल्हासरावांना शेवटचं पाहिलं होतं ते स्वतःच्या लग्नात. तेव्हा उल्हासरावांच्या डोक्यावर केस होते, ओठावर मिशी होती, आणि पोट अजून यायचं होतं. आता समोर उभा होता एक पिवळ्या जॅकेटमधला टकला गृहस्थ, हातात पत्र्याची पेटी घेतलेला!

"ओ, थँक गॉड!" वहिनी म्हणाल्या. "यू आर हिअर फॉर द बॉयलर, राइट? अपस्टेअर्स, प्लीज!"

उल्हासरावांनी खुलासा करायला तोंड उघडलं. पण बेसनाचा लाडू, तोही साजूक तुपातला, टाळ्याला असा चिकटला होता की "म्म्म" याखेरीज काही निघेना. वहिनींना ते "होय" वाटलं. त्या पुढे, हे मागे, वरात निघाली जिन्याने!

वर बाथरूमशेजारच्या कपाटात बॉयलर होता. तो बघून उल्हासरावांचा लाडू आपोआप खाली उतरला. कारण उल्हासरावांनी उभी हयात काढली होती वीज केंद्रात, सात मजली बॉयलरच्या पायाशी! हा? याला बॉयलर म्हणतात? यात आमच्याकडे तूरडाळसुद्धा शिजली नसती!

पण आधी दोस्त. त्यांनी हळूच विचारलं, "अँड... मिस्टर परीक्षित?"

"गोल्फ!" वहिनी कपाळाला हात लावून म्हणाल्या. "घरात हीटिंग नाही आणि साहेब सकाळी सकाळी गोल्फला!" हे वैतागाने मराठीतच निघालं, आणि त्या खाली निघून गेल्या.

उल्हासराव तिथेच बाथटबच्या कडेवर बसले. गोल्फ! मला म्हणाला, दिवसभर घरी बसायचंय, आणि हा गोल्फला! म्हणजे टाळलंच की मला. त्यांना एकदम भरून आलं. रागही आला, पण रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. पोरगी बरोबर बोलत होती. माणसं बदलतात, आणि आपण खुळ्यासारखे डबा घेऊन हिंडतो!

गुपचूप निघून जावं असं त्यांनी ठरवलं. पण उठताना हात खोली तापवणाऱ्या रेडिएटरला लागला. गारढोण! नोव्हेंबरची थंडी, आणि हा गाढव गोल्फ खेळून कुडकुडत घरी येणार. जाऊ दे, म्हणाले. मैत्री गेली तर गेली, पर्‍याला सर्दी नको व्हायला.

काट्यावर पाण्याचा दाब शून्य. एवढंच होय! खालची चावी फिरवून नळाचं पाणी आत सोडायचं, काटा हिरव्यात आला की चावी बंद. पाच मिनिटांचं काम. उल्हासरावांनी चावी फिरवली, काटा हलू लागला, आणि खिशातला फोन वाजला. पर्‍या!

"काय बे उल्ल्या, कुठे आहेस?"

"घरी. बॅग भरतोय," उल्हासराव तुटकपणे म्हणाले. "तू?"

"मी पण घरीच. बॉयलरवाल्याची वाट बघतोय."

इकडे उल्हासरावांचं डोकं सणकलं. हा धडधडीत खोटं बोलतोय! मी याच्या घरात उभा आहे! पण तिकडे परीक्षितचा आवाजही बारीक झाला होता. का? कारण तो त्या क्षणी रीडिंगला, पोहून परतलेल्या ऋजुताच्या सोफ्यावर बसला होता! त्यानेही धाडच टाकली होती. बायकोला सांगितलं की अख्ख्या गल्लीभर होतं, म्हणून गोल्फची थाप मारून निघाला होता. आणि ज्याच्यासाठी आला, तो "घरी बॅग भरतोय" म्हणून तोंडावर सांगत होता!

"घरी म्हणजे, आत्ता घरातच?" परीक्षितने विचारलं.

"मग काय छपरावर? तू खरंच घरी आहेस?"

"खरंच म्हणजे? तुझा विश्वास नाही?"

"आहे की! लई विश्वास आहे!"

दोघेही दुखावलेले, दोघेही खोटे, आणि दोघेही मनातल्या मनात दुसऱ्याला शिव्या घालत होते. तेवढ्यात परीक्षितच्या फोनमागून चिरका आवाज आला, "मम्मा! हा अंकल आपला फ्रिज उघडून चकली खाते!"

उल्हासराव ताठ झाले. कस्तुरी! ही तर आपली नात!

आणि त्याच क्षणी जिन्यावरून वहिनी ओरडत आल्या, "एक्स्क्यूज मी! बाहेर पाणी! वॉटर! अहो, काय करून ठेवलंत?"

"अबे, हा सुनेत्राचा आवाज आहे!" परीक्षित फोनमध्ये किंचाळला. "तू माझ्या घरात काय करतोयस?"

"आणि तू माझ्या लेकीच्या घरात चकल्या का खातोयस?"

या सगळ्यात चावी तशीच उघडी राहिली होती. काटा हिरवा ओलांडून लालच्याही पुढे जाऊन बसला होता. बॉयलर बिचारा शहाणा, जास्तीचं पाणी भिंतीतल्या नळीतून घराबाहेर फेकत होता. बाहेर, म्हणजे बाजूच्या फाटकावर. आणि फाटकातून आवाज आला, "मेलो! मेलो! अबे पर्‍या, हे काय स्वागत झालं का रे!"

तो नकुल होता. कॉन्फरन्स बिन्फरन्स काही नव्हती. परीक्षितच्या घरावर धाड टाकून, त्याला गाडीत कोंबून रीडिंगला उल्हासकडे न्यायचं, असा त्याचा बेत होता. नळीखालून वाकून चोरपावलांनी येत असताना त्याच्या मानेवर बर्फासारखं पाणी पडलं. उल्हासरावांनी चावी बंद केली, खिडकीतून डोकं काढलं, आणि खाली ओलाचिंब मित्र बघून ते इतके हसले, इतके हसले, की हातातला फोन निसटला आणि थेट नकुलशेजारच्या पिंपात! पिंपात पावसाचं पाणी काठोकाठ होतं.

वहिनींना ओळख पटली ती त्या हसण्यावरून. "उल्हासभावजी? अगंबाई! आणि मी तुम्हाला बॉयलर दाखवत बसले!"

आता शहाणी माणसं काय करतील? एका जागी थांबतील. पण धाड टाकणारा थांबून कसा राहील? नकुलने परीक्षितचा शर्ट अंगात चढवला, "पर्‍या तिकडे आपली वाट बघत असेल" म्हणाला, आणि दोघे गाडीत बसून रीडिंगला सुटले. तिकडे परीक्षितने उल्हासला तीनदा फोन लावला. पिंपातून कोण उचलणार? मग "गडी माझ्या घरी बसलाय, जातोच!" म्हणत तोही स्टॅनमोरला सुटला. मोटरवेवर एकमेकांना ओलांडून गेलेही असतील, देव जाणे.

"बाबा, काका मघाशीच गेले!" ऋजुताने दारातच सांगितलं.

"मग आम्ही निघतो परत!" दोघे एका सुरात म्हणाले.

"खबरदार!" ऋजुताने नकुलच्या हातातून गाडीची किल्ली ओढून घेतली. आईचा आवाज काढला की तिला कोणी अडवू शकत नाही. तिने परीक्षितला फोन लावला. "काका, स्टॅनमोरला पोचलात की काकूंना घ्या आणि इकडे या. हे दोघे इथून हलणार नाहीत. मी दाराला कुलूप लावलंय!"

संध्याकाळी परीक्षित आला. सुनेत्रावहिनीही आल्या. तिघे मित्र हॉलमध्ये समोरासमोर उभे राहिले.

"साल्या, टक्कल पडलं की रे तुला," परीक्षित म्हणाला.

"आणि तू? गोल्फ खेळून पोट वाढतं का बे?" उल्हासराव म्हणाले आणि त्यांचा आवाज फुटला. मग तिघेही एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, अगदी हमसून हमसून. कस्तुरी घाबरून वरदच्या मागे लपली.

किचनमध्ये ऋजुता डोळे पुसत वहिनींना म्हणाली, "मी उगाच बोलले हो बाबांना. वाटलं, तुमच्याकडच्यांना त्यांची आठवणच नाही."

"आठवण?" वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडे दर रविवारी तुझ्या बाबांच्या नावाने शिव्या असतात. प्रेमाच्या! फोन करा म्हटलं की म्हणतात, ब्लॉकमध्ये असं विचारून जात नाहीत."

हॉलमधून आवाज येत होते. "आज कोणी झोपायचं नाही! पस्तीस वर्षांचं बोलायचंय!" "लाडू काढ बे!" "तो वॉर्डनचा किस्सा आधी!" दोघी हसत हसत चहा टाकून बाहेर आल्या. हॉलमध्ये सामसूम! एका सोफ्यावर तिघे ओळीने, माना मागे टाकून, एकमेकांच्या खांद्याला टेकून, एका तालात घोरत होते. मांडीवर डब्याचं झाकण, हातात अर्धा अर्धा लाडू. ऋजुताने आधी एक फोटो काढला, मग तिघांवर मिळून एकच मोठं पांघरूण घातलं. सकाळी गाडीत बसायच्या वेळेला हाक मारून उठवावं लागलं!

एअरपोर्टवर मात्र तिघांचा रुबाब बघण्यासारखा होता.

"काय रात्र झाली बे!" नकुल म्हणाला. "तो वॉर्डनचा किस्सा काय रंगवून सांगितला पर्‍याने!"

"मी कुठे? मला वाटलं तू सांगितलास."

"मग उल्ल्याने सांगितला असेल!"

"मीच, मीच!" उल्हासराव घाईघाईने म्हणाले, आणि लेकीचा फोन घेऊन त्यांनी नागपूरला लावला. "श्यामला! अगं, काय सांगू तुला! तिघेही भेटलो! रात्रभर डोळ्याला डोळा नाही! नुसत्या गप्पा, नुसत्या गप्पा!"

"हो ना," पलीकडून श्यामलाबाई शांतपणे म्हणाल्या. "ऋजुताने फोटो पाठवलाय. तिघांचीही तोंडं उघडीच आहेत!"