चोथ्याचं वेष्टन आणि बाबांचं मौन

"याला खाऊसारखा वास येतोय गं, घरात नको वाळवूस," असं सासूबाईंनी बजावलं होतं. सुनेनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. रस काढून उरलेल्या सफरचंदाच्या चोथ्यापासून साबणासाठी प्लास्टिकसारखं वेष्टन बनवणं हे तिचं काम. प्रयोगशाळेतली भट्टी बिघडली, म्हणून तिनं ते तपकिरी पापुद्रे ताटात पसरून घरच्या खिडकीत ठेवले. चमचा दिसला की तोंड फिरवणारी तिची लेक हे थोडीच खाणार होती?

दुसऱ्या दिवशी सासूबाई बहिणीकडे गेल्या. सून आंघोळ करून बाहेर येते तो निम्मं ताट रिकामं. लेक जमिनीवर, मुठीत तुकडा, हनुवटीवर लाळ. शेजारी खुर्चीत सासरे.

तिनं लेकीच्या मुठीतला तुकडा ओढून घेतला. "बाबा, हिनं किती खाल्लं?"

बाबांनी नुसते हात हलवले.

चोथा, स्टार्च, ग्लिसरीन, लिंबाचं सत्त्व, असं सगळं तिनं डॉक्टरांना फोनवर घडाघडा सांगितलं. घाबरण्यासारखं काही नाही, पाणी पाजा आणि लक्ष ठेवा, असं ते म्हणाले. त्यातलं "लक्ष ठेवा" तेवढं तिच्या डोक्यात बसलं. तिनं रजा टाकली. झोपलेल्या लेकीचा श्वास ऐकायला ती इतकी वाकली की लेक दचकून उठली आणि रडली. रडते म्हणजे पोटात दुखतंय, म्हणून आणखी पाणी पाजलं. मग लंगोट सारखे ओले होऊ लागले, त्याचीही काळजी लागली. सासूबाईंनी फोनवर "मी म्हटलं नव्हतं?" हे तीन वेगवेगळ्या सुरांत ऐकवलं.

बाबा मात्र अवाक्षर बोलले नाहीत. जेवलेही नाहीत. नातीच्या काळजीनं घास उतरत नसेल, या विचारानं तिला भरून आलं.

संध्याकाळी ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाबा, दुसरं कुणी असतं तर मला सोलून काढलं असतं. तुम्ही एका शब्दानंही बोलला नाहीत. हे उपकार मी विसरणार नाही."

बाबांच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी हळूच जबड्याकडे बोट दाखवलं.

वरची कवळी खालच्या कवळीला अशी चिकटली होती की साबण कंपनीनं डोक्यावर घेऊन नाचावं. घोट घोट कोमट पाणी आत गेलं, तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"पोरीनं चाखलंसुद्धा नाही गं," बाबा ओशाळून म्हणाले. "सगळं मीच खाल्लं. लिंबू जरा जास्त झालंय."

तिनं लेकीला उराशी धरलं आणि हसता हसता रडून घेतलं.

तेव्हा, तुमच्या घरातलं वडीलधारं माणूस आज अचानक समजूतदारपणे गप्प बसलं असेल, तर आभार नंतर माना. आधी जवळ जाऊन बघा, त्यांचं तोंड उघडतंय ना.