अठरा नंबरची जड बाटली

काटेबुवांना या प्रयोगातून काय काय मिळणार होतं, ते आधी पाहू. बारा आठवडे फुकट सायकल, तीही एका जागी रोवलेली, म्हणजे आपटायची भीती नाही. चार वेळा रक्ततपासणी. चौऱ्याऐंशी कॅप्सूल. दर खेपेला सायकल संपली की एक केळं. आणि या सगळ्याच्या वर, साडूंचं तोंड कायमचं बंद!

साडू म्हणजे कवायत मास्तर. शाळेत बत्तीस वर्षं शिट्टी फुंकून निवृत्त झाले, तरी शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती. राहायचे तिसऱ्या मजल्यावर. दर रविवारी काटेबुवा सपत्नीक तिथे चढत, आणि दाराशी पोचेपर्यंत त्यांची छाती लोहाराच्या भात्यासारखी चालत असे. मास्तर दार उघडत, एकवार वरपासून खालपर्यंत पाहत आणि गोड आवाजात म्हणत, "बसा बुवा, बसा. पाणी आणू?"

बस्स, एवढंच! पण अकरा वर्षं, दर रविवारी! काटेबुवांनी ते वाक्य जसंच्या तसं जपून ठेवलं होतं. एक दिवस याच दारात, याच आवाजात, याच माणसाला परत करायचं.

म्हणून 'वय, व्यायाम आणि शरीराची डागडुजी' या संशोधनासाठी साठीपुढची माणसं हवीत अशी पाटी दिसताच बुवांनी नाव घातलं. आणि त्यांनी घातलं म्हणून मास्तरांनीही घातलं!

प्रयोगशाळेची डॉक्टरबाई वयाने बुवांच्या मुलीएवढी, पण बोलायला रोखठोक. "काका, निम्म्या लोकांना खरं औषध आहे, निम्म्यांना नुसतं पीठ. कुणाला काय, ते मलाही ठाऊक नाही. पाकीट बंद आहे, शेवटी उघडणार."

"औषध कसलं?"

"गंजावरचं. दमणूक झाली की शरीरात ठिणग्या उडतात, आत थोडा गंज चढतो. वय वाढतं तसा तो जास्त चढतो. या कॅप्सूलनं तो थांबतो का, बघायचंय."

पहिल्याच दिवशी तिने बुवांना अर्धा तास दामटलं, आधी आणि नंतर रक्त घेतलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घेतलं आणि पडद्यावर एक रेघ दाखवली. रेघ सायकलीनंतर ताडमाड चढली होती आणि सकाळपर्यंत खाली उतरली होती.

"ही कुणी उतरवली?" बुवांनी विचारलं.

"तुम्हीच. झोपेत."

बुवा बघतच राहिले. पस्तीस वर्षं ट्रकच्या वजनकाट्यावर काढलेला माणूस! भरला ट्रक, रिकामा ट्रक, मधला फरक म्हणजे माल. याखेरीज जगात काही खरं आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. आणि इथे त्यांच्याच अंगात रातपाळी चालू होती! ते घोरत पडलेले, आणि आत कोण जाणे किती जण विटा-घमेली घेऊन धावताहेत! ना कुणी बोलावलं, ना कुणी आभार मानले. त्या दिवशी ते घरी आले ते देवळातून आल्यासारखे, आवाज खाली घेऊन.

पण स्वभावाला औषध नाही. बाटल्या मिळाल्या त्या दिवशी मास्तर परस्पर दाताच्या डॉक्टरकडे गेले. "बुवा, माझीही घेऊन चला, रविवारी येताना आणा," म्हणाले. बुवांच्या पिशवीत दोन बाटल्या: सतरा नंबर स्वतःची, अठरा मास्तरांची. रंग तोच, आकार तोच. आणि वाटेत सराफाचं दुकान!

"जरा दहा-दहा तोलून द्या," बुवा म्हणाले.

सराफाने चष्म्यावरून पाहिलं. "हे सोन्याच्या भावानं विकता की काय?"

"तुम्ही तोला हो!"

सतरा नंबरच्या दहा भरल्या सहा ग्रॅम एक. अठरा नंबरच्या सहा ग्रॅम पाच! माल कुठल्या ट्रकमध्ये आहे हे काट्याने सांगितलं होतं. औषध मास्तरांना, आणि पीठ आपल्याला!

पुढचं काम त्यांनी सराफाच्या बाकावर बसूनच उरकलं. इकडच्या तिकडे, तिकडच्या इकडे. सराफ म्हणाला, "मी काही बघितलं नाही हं!"

आणि काय सांगावं! चौथ्या आठवड्यात बुवा दुसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता गेले. सहाव्यात तिसऱ्यापर्यंत. आठव्या आठवड्यात डॉक्टरबाईने यंत्र दोनदा तपासलं, कारण आकडा तिला पटेना. "काका, तुमचं शरीर पन्नाशीतल्या माणसासारखं सावरतंय हो!" बुवांना जिन्यात स्वतःच्याच पायांची भीती वाटू लागली. हे पाय कुणाचे? मांडीवर हात ठेवून ते बसत; आत काहीतरी कणाकणानं बांधलं जातंय, आणि आपण नुसते घरमालक!

मास्तर मात्र जिथे होते तिथेच. तेवढंच दमायचे, तेवढंच सावरायचे. तरणाताठा बुवा शेजारच्या सायकलीवर फिरकीसारखा फिरताना पाहून त्यांचा चेहरा दर आठवड्याला बोटभर उतरत गेला. "मेहनत तीच, केळं तेच," ते पुटपुटत.

घरी बायको म्हणाली, "अहो, ताई सांगत होती, भावोजी सकाळची कवायत सोडून बसलेत. खिडकीत बसून असतात नुसते."

"वय झालं असेल," बुवा म्हणाले, आणि ताट बाजूला सारलं. भावोजींचं बळ कुठे गेलं, ते त्यांना ठाऊक होतं. पिशवीतून इकडे आलं होतं!

बाराव्या आठवड्यात मास्तर स्वतःच बुवांच्या घरी आले. खुर्चीत बसले, गळ्यातली शिट्टी काढली आणि बुवांच्या तळहातावर ठेवली.

"बुवा, ही तुमच्याकडे असू द्या. आता आपल्याला शोभत नाही ती. एकेकाचं शरीर नवीन व्हायचं असतं, एकेकाचं संपायचं असतं. तुमचं पाहून बरं वाटतं, खरंच सांगतो."

टोमणा असता तर बुवांनी हसत झेलला असता. पण टोमणा नव्हता! चांगल्या भरलेल्या ट्रकखाली पाय सापडावा तसं त्यांना झालं.

दुसऱ्याच दिवशी, पाकीट उघडायच्या आधी, त्यांनी मास्तरांना हाताला धरून डॉक्टरबाईपुढे उभं केलं आणि सगळं ओकून टाकलं. सराफ, काटा, सहा ग्रॅम पाच, सगळं.

डॉक्टरबाई आधी पांढरी पडली, मग लाल. "तीन वर्षं, काका! तीन वर्षं मी एकेक माणूस गोळा करतेय! दोघांनाही तक्त्यातून काढावं लागणार!" मग तिने पाकीट फाडलं, वाचलं, पुन्हा वाचलं आणि खुर्चीत बसली.

"सतरा नंबर, औषध. अठरा नंबर, पीठ."

"शक्य नाही!" बुवा ओरडले. "जड अठरा नंबर होती!"

"पीठ जड असतं, काका."

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा काट्याने बुवांना फसवलं होतं, आणि तेही खरं वजन सांगून!

"म्हणजे मी बारा आठवडे पीठ खाल्लं? मग हे पाय?"

"ते तुम्ही सायकल मारून केलेत." तिचा राग ओसरत नव्हता, पण डोळे मात्र पडद्यावरच्या रेघेवर खिळले होते. "ठिणगी उडते म्हणूनच शरीराला कळतं, डागडुजी करा म्हणून, आणि ते आधीपेक्षा मजबूत बांधतं. कदाचित औषधानं मास्तरांची ठिणगीच विझवली. निरोपच पोचला नसेल. पण दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, आणि त्यातून तुमच्यासारख्या दोन माणसांवरून तर नाहीच!"

बुवा खाली मान घालून शिव्यांची वाट बघत होते. मास्तर पुढे सरकले. "म्हणजे बाई, मी म्हातारा झालेलो नाही?"

"नाही, काका. तुम्हाला फक्त गंज चढू दिला नाही."

"बुवा!" मास्तर गरजले. "शिट्टी आणा इकडे!"

त्या रविवारी दोघं बरोबरच जिना चढले. मास्तर शिट्टी फुंकत होते, म्हणून अर्धा मजला मागे पडले. काटेबुवा तिसऱ्या मजल्यावर दाराशी उभे राहिले. श्वास शांत, गुडघे गप्प. खालून मास्तर आले ते धापा टाकत, कठड्याला धरून. दार उघडं होतं. वाक्य जिभेच्या टोकावर होतं. अकरा वर्षांचं!

बुवांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आत जाऊन न बोलता पाण्याचा पेला आणला आणि मास्तरांच्या हातात दिला.

मास्तर पाणी प्यायले, त्यांनी मिशा पुसल्या. "काही म्हणणार होतात का, बुवा?"

"छे हो. काही नाही."

"उद्यापासून बारा आठवडे माझ्याबरोबर पळायचं. कॅप्सूल नाही, केळं तुमच्याकडून!"

एकूण हिशेब असा: मास्तरांचे बारा आठवडे गेले, डॉक्टरबाईच्या तक्त्यातली दोन माणसं गेली, तिने पाहिलेला सर्वांत सुंदर आकडा कुठेच छापला गेला नाही. आणि काटेबुवांचं एक वाक्य गेलं. ते अजून त्यांच्यापाशीच आहे, पण आता चालत नाही.