बिनआवाजाची मोटरसायकल

मला यंत्रातलं कळतं. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगायला तयार नाही. बावीस वर्षांची जुनी मोटरसायकल मी घरच्या घरी, दोन रविवारांत, एकट्याने अशी करून दाखवली की ती चालू आहे की बंद हे कळायला तिला हात लावून बघावा लागतो. पुढे जे काही झालं त्यात यंत्राचा दोष नव्हता, एवढं आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात कचेरीत झाली. मी पाणीपुरवठा खात्यात मीटर विभागाचा प्रमुख आहे. हाताखाली चार माणसं. त्यातला टायपिस्ट एकदा मोठ्या आदराने म्हणाला, "साहेब, तुम्ही फाटकात वळलात की आम्हाला वर दुसऱ्या मजल्यावर कळतं."

त्याच्या मते ही स्तुती होती. माझ्या मात्र ती जिव्हारी लागली. माणूस त्याच्या कामावरून ओळखला जावा, सायलेन्सरवरून नव्हे. मी त्याच दिवशी ठरवलं की गाडी घरी उघडायची आणि तिचा आवाज मुळापासून काढायचा.

चौकातल्या मिस्त्रीकडे पाने मागायला गेलो. त्याने बेत ऐकून घेतला आणि म्हणाला, "साहेब, जुन्या गाडीचा आवाज म्हणजे घरातल्या म्हाताऱ्याचा खोकला. येतोय तोवर काळजी नसते." मग त्याने पाने दिले, टॅपेटची, म्हणजे इंजिनातल्या झडपांची, फट मोजायचा पातळ पत्त्यांचा जुडगा दिला, आणि काही अडलं तर गाडी ढकलत आणा, असंही सांगितलं. काही अडणार नाही, असं मी त्याला ठणकावून सांगितलं.

पहिल्या रविवारी जिन्याखाली गाडी उभी करून मी आवाजांची यादी केली. अकरा निघाले. टॅपेट टकटकत होते, साखळी तिच्या कव्हरला घासत होती, सायलेन्सरला करंगळी जाईल एवढं भोक होतं, मागचा मडगार्ड थरथरत होता, आणि नंबरप्लेट स्वतःच्या मनाने वाजत होती. टॅपेट बसवले. नवा सायलेन्सर घातला. साखळी आणि दोन्ही दातेरी चाकं बदलली. जिथे लोखंडावर लोखंड आपटत होतं तिथे रबर घातलं. बायको वरून कपडे वाळत घालता घालता म्हणाली की साखळी फार ताणू नका, वर माणूस बसला की ती आणखी ताणते. बायकांना कशातलंही बोलायची सवय असते, म्हणून मी लक्ष दिलं नाही. ती आत गेल्यावर साखळी जरा सैल केली.

दुसऱ्या रविवारी कार्ब्युरेटर. तो जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून सोलला. बारीक छिद्रं साफ करायला न्हाणीघरातल्या पेल्यातला एक म्हातारा ब्रश घेतला. अण्णा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले की पेस्टची चव बदललेली दिसते. कंपन्यांना हल्ली लाजच उरलेली नाही, असं म्हणून मी तो विषय मिटवला आणि कचेरीला जायच्या आधी नवा ब्रश आणून ठेवला. त्या रविवारी शेवटी पुढे नवा पांढरा दिवा, मागे नवे शॉकअब्सॉर्बर आणि वर मऊ सीट बसवली. किक मारली. काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा मारणार तेवढ्यात हात हँडलला लागला आणि ते किंचित थरथरताना जाणवलं. इंजिन चालू होतं. मी जिन्यावर बसून पाच मिनिटं ती शांतता ऐकली. आयुष्यात फार थोड्या गोष्टी माझ्या मनासारख्या झाल्या आहेत, त्यातली ही एक.

सोमवारी संध्याकाळी कचेरीतून आलो, गाडी लावली आणि स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. समोर अण्णा खुर्चीत जॅमची बाटली मांडीवर घेऊन बसले होते. चमचा तोंडात होता. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद करून दोन वर्षं झाली आहेत.  मला पाहून अण्णांनी चमचा बाहेर काढला आणि खोकल्यावर हे चांगलं असतं असं म्हणाले. खोकला कधीपासून आहे, असं विचारल्यावर त्यांनी लगेच खोकून दाखवलं.

मंगळवारी आणखी वाईट झालं. आता हे सांगायला हवं की गेली बावीस वर्षं मी दारात पाऊल टाकलं की चहाचा कप तयार असतो. मी येण्याची चाहूल माझ्या बायकोला आपोआप लागते, ही जन्मोजन्मीची गाठ आहे, असं मी चारचौघांत अनेकदा सांगितलं आहे. एका लग्नात तर नवरा-नवरीला उपदेश म्हणून सांगितलं होतं. मंगळवारी दार उघडलं तर बायको माझ्या आरामखुर्चीत, पाय स्टुलावर टाकून मासिक वाचत होती. ओट्यावर भांडंसुद्धा नव्हतं.

"आलात कसे?" ती म्हणाली.

मी म्हटलं, नेहमीसारखा.

"नेहमी चौकातून ऐकू येता," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली. जन्मोजन्मीच्या गाठीचा तिथेच उलगडा झाला. ती सायलेन्सरच्या भोकात होती.

बुधवारी कचेरीतही तेच. मी विभागात शिरलो तेव्हा माझ्या टेबलावर कॅरम मांडलेला होता आणि टायपिस्ट राणी घ्यायच्या बेतात होता.  त्याने सोंगटी मारली, ती भोकात गेली, आणि मग चौघे उभे राहिले. पुढे दिवसभर इतक्या निमूटपणे काम झालं की मलाच कंटाळा आला.

त्या रात्रीच्या जेवणाला अण्णा आणि बायको एका बाजूला बसले. मी समोर. बायकोने भाजी वाढता वाढता विचारलं की आमच्यावर पाळत ठेवायची होती तर सरळ सांगायचं, त्यासाठी गाडी कशाला उघडलीत. अण्णा म्हणाले की माणसाने पायरवाने यावं, नाहीतर घराचा तुरुंग होतो. मी शपथेवर सांगितलं की हे निव्वळ तांत्रिक काम होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग बायकोने तोडगा सुचवला: चौकात वळलात की दोनदा हॉर्न वाजवत जा. मी नकार दिला. बावीस वर्षांचा आवाज काढायला दोन रविवार घालवलेला माणूस हॉर्न वाजवत घरी येत नाही. याला लोक हट्ट म्हणतात.

हा हट्ट मला गुरुवारी भोवला. दार उघडलं तर बायको आतल्या खोलीत फोनवर होती. मी चप्पल काढत होतो आणि शब्द आपोआप कानावर आले. "हो, रविवारीच. ते जेवून झोपले की निघायचं," ती म्हणत होती. "छे, आता त्यांना कळायचं काही कारणच नाही."

मी एक चप्पल पायात ठेवून उभा राहिलो. मग काढलेली दुसरी चप्पलही पुन्हा घातली, खाली गेलो, गाडी चौकापर्यंत ढकलत नेली आणि दोनदा हॉर्न वाजवत परत आलो. चहा तयार होता.

शुक्रवार आणि शनिवार कसे गेले ते माझं मला माहीत. विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं असतं तर चोरून ऐकल्याचं कबूल करावं लागलं असतं आणि पाळतीचा आरोप सिद्ध झाला असता. बायको नेहमीसारखीच वागत होती, आणि तेच मला खायला उठलं होतं. बावीस वर्षांत मी तिला दुखवलं असेल अशा प्रसंगांची उजळणी केली. अकराच्या पुढे गेल्यावर मोजायचं सोडून दिलं.

शेवटी एक बेत ठरवला. रविवारी जेवून पलंगावर पडायचं, डोळे मिटायचे, घोरायचंसुद्धा, आणि ती निघाली की मागोमाग जायचं. ठरल्याप्रमाणे पडलो. डोळे मिटले. घोरायला सुरुवात केली. खरं वाटावं म्हणून श्वास जरा लांब घेतला.

जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते.

घरात कोणी नव्हतं. बायकोचा फोन स्वयंपाकघरात पडलेला होता. अण्णांची काठी जागेवर नव्हती. धावत खाली आलो तर जिन्याखाली गाडीही नव्हती, फक्त तेलाचा एक थेंब होता. शेजारच्या काकू दारातच भाजी निवडत बसलेल्या. कोणाचं पान हललेलं त्यांना कळतं. मी विचारलं तर म्हणाल्या की दुपारभर इथेच आहे, पण गाडीचा काही आवाज आला नाही बाई. मधे एकदा फोनवर होते, तेव्हा पाठ वळली असेल तर असेल.

बायको आणि अण्णा दवाखान्यात गेले असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या फोनचा अर्थ लावायची हिंमत नव्हती. गाडी मात्र चोरीला गेली होती, हे स्पष्ट होतं. ज्या गोष्टीचा निदान अर्ज करता येतो, तिच्यासाठी माणसाने आधी धावावं. मी पोलीस चौकी गाठली.

हवालदार मोठा शांत गृहस्थ होता. नंबर, रंग, वय, सगळं त्याने सावकाश लिहून घेतलं. काही विशेष खूण आहे का, असं विचारलं. मी सांगितलं, आवाज येत नाही. त्याने "नादुरुस्त" असं लिहिलं. मी त्याला दोन्ही रविवारांचं काम सविस्तर समजावून सांगितलं. त्याने "नादुरुस्त" खोडून "जुनी" लिहिलं.

"घरी कोण कोण असतं?"

"बायको आणि वडील."

"त्यांना विचारलंत का?"

"ते घरी नाहीत."

"कुठे गेलेत?"

"माहीत नाही. मी झोपलो तेव्हा होते."

हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे गाडी, बायको आणि वडील, तिन्ही दुपारपासून नाहीत."

"हो."

"आणि तुमची तक्रार गाडीची आहे."

 त्याने अर्ज माझ्यापुढे सरकवला, मी सही केली, आणि बाहेर पडलो.

परत येताना रस्ता लांबला होता असं वाटत होतं.  ती खरंच निघून गेली असेल तर अण्णांना का घेऊन जाईल, असा एक दिलासा मनात येई. आणि अण्णाही तिच्याच बाजूने आहेत, हे लगेच आठवे. अशा विचारात मी रस्त्याच्या मधोमध चाललो होतो. पाठीमागून, अगदी कानाजवळ, कोणीतरी म्हणालं, "कडेने चाला की जरा."

मी उडी मारली ती थेट गटारात. वर पाहिलं तर माझी मोटरसायकल होती. बायकोने डोक्यावर माझं हेल्मेट घातलं होतं. मागे अण्णा काठी आडवी धरून बसले होते. चेहऱ्यावर असं तेज, जसं काही मिरवणूक निघाली आहे.

सगळं तिथेच कळलं. गावाबाहेर अण्णांचे एक जुने दोस्त आहेत. दोघे छापखान्यात एका यंत्रावर होते. दोस्ताला आता चालवत नाही आणि अण्णा वर्षभर मला म्हणत होते की एकदा गाडीवर नेऊन सोड. गाडी जुनी आहे, डबलसीट झेपायची नाही, असं मी दर वेळी सांगत होतो. ते खरंही होतं, पण नवे शॉकअब्सॉर्बर बसवल्यावरही मी तेच सांगितलं. म्हणून बायको घेऊन गेली. गुरुवारचा फोन त्या दोस्ताच्या सुनेला होता.

"तुला चालवता येते?" मी गटारातूनच विचारलं.

लग्नाआधी ती एका औषध कंपनीत होती आणि गावोगाव फिरायची, हे मला माहीत होतं. कशावरून फिरायची, हे मी बावीस वर्षांत विचारलं नव्हतं.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"आवाज होता तोवर किल्ली लावली असती तर तुम्ही जागे झाला असतात," ती म्हणाली, "आणि खाली येऊन शिकवत बसला असतात."

अण्णांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्ज मागे घ्यायला आम्ही दोघं गाडीवरून चौकीत गेलो. गाडी मी चालवली, कारण अब्रू सावरायला एवढंच उरलं होतं. बायकोने तिथे माझा अर्ज मागून घेतला आणि दोनदा वाचला.  हवालदार खिडकीबाहेर बघत बसला.

मग त्याने नोंदीसाठी काल गाडी चालवणाऱ्याचा परवाना मागितला.  बायकोने पर्समधून परवाना काढून टेबलावर ठेवला. दोन वर्षांपूर्वीच नूतनीकरण केलेला, कोरा करकरीत. हवालदाराने आकडा उतरवून घेतला आणि म्हणाला, मालकाचाही दाखवून ठेवा.

मी पाकीट उघडलं. माझा परवाना त्याने उलटा केला, सुलटा केला, चष्म्याजवळ नेला आणि दूर नेला.

"हा संपून अकरा महिने झाले," तो म्हणाला. "मग आज इथवर गाडी कोणी आणली?"

चौकीत इतकी शांतता पसरली की बाहेर माझी मोटरसायकल चालू असती तर तीही ऐकू आली असती.

"मी," बायको म्हणाली.

हवालदार आम्हाला सोडायला पायरीपर्यंत आला आणि तिथेच हात मागे बांधून उभा राहिला. बायकोने माझ्या हातातून किल्ली घेतली. मागची सीट खरोखर चांगली मऊ झाली आहे, हे मला तेव्हा कळलं.