वायसर आणि अपघातमुक्त दिवस

आमच्या शेजारच्या सोनवणेकाकांच्या दारावर नावाची पाटी नाही. तिथे एक काळा फळा आहे. वर पिवळ्या पक्क्या रंगात 'अपघातमुक्त दिवस' असं लिहिलंय आणि खाली खडूने आकडा. रावेतच्या या सोसायटीत मी राहायला आले त्या दिवशी तिथे शून्य होतं. मी हबकलेच. म्हटलं, कुणाच्या शेजारी येऊन पडलो बाई आपण, इथे रोज कोण कोणाला पाडतंय?

तसं काही नव्हतं. काका आधी भोसरीला आणि मग चाकणला, अशी चौतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. कंपनीच्या गेटवर असा फळा असतो, शेवटची इजा होऊन किती दिवस झाले ते सांगणारा. निवृत्तीच्या दिवशी कंपनीने काकांना शाल-श्रीफळ दिलं, आणि काका त्या शालीत भंगाराच्या यार्डातलं कुत्र्याचं एक पिल्लू गुंडाळून घरी आले. गोल वेटोळं करून झोपतं म्हणून त्याचं नाव वायसर. बरोबर शब्द वॉशर आहे, असं मी एकदा सांगून बघितलं. "लाइनवर वायसरच म्हणतात," काका म्हणाले. विषय संपला.

तर हा वायसर घरात वाट्टेल तिथे शू करायचा, आणि त्याने केली की फळा शून्यावर.

दुसरा कुणी असता तर चार वर्तमानपत्रं अंथरून मोकळा झाला असता. काकांनी फ्रिजवर तक्ता लावला. वेळ, जागा, कारण, उपाय. "डोळ्यावर जायचं नाही ताई, मोजायचं," असं म्हणत त्यांनी महिनाभर घड्याळ लावून मोजलं. पाणी प्यायल्यावर बावीस मिनिटं. जेवणानंतर अकरा. आणि कुकरची शिट्टी झाली की उभ्या जागी. त्यामुळे कुकर सूंसूं करायला लागला की काका बनियनवर, वायसर काखेत, असे लिफ्टकडे पळायचे. आमच्या दोघांच्या स्वयंपाकघरात एकच भिंत. मीसुद्धा डाळ शिजायला टाकताना "काका, लावतेय हं" अशी हाक मारायला लागले. नवरा म्हणाला, तू वेडी झाली आहेस. झाले असेन.

काकांनी काकूंनाही फर्स्ट शिफ्ट लावून बघितली. काकू म्हणाल्या, "मी ट्रेनी हाय का तुमची?"

काकू मूळच्या लातूरच्या, बोलायला रोखठोक, आणि गुडघ्यांनी पार वैतागलेल्या. एकदा सोफ्यामागे पुसताना त्या खाली बसल्या त्या उठूच शकल्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी निर्वाणीचं सांगितलं. वसुबारसेपर्यंत फळ्यावर तीस आले तर वायसर राहील, नाहीतर त्याची रवानगी भावाच्या मळ्यावर. काका त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, "मळ्यावर मोठी कुत्री हायत ताई. ह्याला कोण विचारणार तिथं?"

बरं, थोडी चलाखी करावी की नाही माणसाने? एकोणीस आकडा झाला होता. चपलांच्या रॅकखाली दोन थेंब दिसले. माझी ओली छत्री तिथेच टेकवलेली होती, थेंब तिचेही असतील. काका गुडघ्यावर बसले, वास घेतला, उठले आणि फळ्यावर शून्य काढलं. काकू स्वतः म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या की." काकांचं ठरलेलं उत्तर आलं, "दिसलं ते लिहायचं." कंपनीत या वाक्यापायी त्यांनी किती साहेबांशी भांडणं केली, हे मला तोंडपाठ आहे. मला मात्र रडूच आलं, कारण वसुबारसेला आता मोजून एकतीस दिवस होते.

ते दिवस आम्ही सगळ्यांनीच जपून काढले. मी तर डाळ भिजवून पातेल्यात शिजवायला लागले. आकडा चढत गेला. वसुबारसेच्या आदल्या दिवशी फळ्यावर एकोणतीस होतं. काका रोज सकाळी नऊला आकडा बदलायचे, म्हणजे तीस व्हायला पाव तास उरला होता. मी पहिल्या घाण्याच्या चकल्या द्यायला गेले. काकू गिरणीत गेल्या होत्या, दार उघडंच होतं. तेवढ्यात खाली कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला.

मी आत पाहिलं तेव्हा वायसर टीपॉयखाली थरथरत होता, आणि सोनवणेकाका जमिनीवर बसून त्यांच्या सत्काराच्या शालीने फरशी पुसत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चष्मा नाकावर होता.

"चष्मा सापडंना ताई," ते म्हणाले. "मला काय दिसलं न्हाई. तुम्हाला दिसलं का?"

"नाही काका."

ते बाहेर आले. तीन लिहिला, शून्य काढताना खडू मोडला. उरलेल्या तुकड्याने आकडा पुरा केला आणि माझ्याकडे न बघताच आत गेले.

संध्याकाळी काकू माझा डबा परत द्यायला आल्या. रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात शंकरपाळ्या होत्या. दार लोटून घेत हळूच म्हणाल्या, "तीस झाले, बघितलं ना? एक सांगते, मनातच ठेवा. ह्या महिन्यात मी दोनदा पुसलंय. ह्यांना कळलं की लगेच शून्य काढतील."

"मग मळ्यावर पाठवायची अट कशाला घातलीत?"

"रागात बोलून गेले मी." त्या खुर्चीवर टेकल्या, गुडघा चोळत राहिल्या. "रिटायर झाल्यावर, हा फळा लावायच्या आधी, कंपनीची बस खालून जायच्या टायमाला हे रोज इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत उभे राहायचे. बस गेली की आत येऊन बसायचे. दिवसभर शब्द न्हाई. मी बोलले तर हूं. आता दिवसभर त्या लेकराशी बोलतात, मी आतून ऐकते. बोलू द्या की, मला काय, दोन फडके जास्त धुवीन."

फळ्यावर आज एकशे बारा आहे. सकाळी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले, तर सोफ्याशी ओल्या फरशीवर पाय किंचित घसरला. काका आणि काकू दोघंही माझ्याकडे बघत होते.

मी पदर खोचला आणि म्हटलं, "विरजण दाट द्या हं, काकू."